वाचकांचे प्रश्न : जनगणना दाराशी येण्याआधी

भारताची सोळावी जनगणना २०२७ ची. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबणीवर पडली, म्हणून २०११ नंतर मोजणी होते आहे ती आताच. टप्पे दोन आहेत. आधी घरयादी, म्हणजे घरे आणि सोयी यांची नोंद. तिला एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात प्रत्येक राज्याने ठरवलेले ३० दिवस मिळतात. मग फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रत्यक्ष माणसांची मोजणी. हिशेबाचा क्षण १ मार्च २०२७ चा ००.०० हा आहे. (लडाख आणि हिमालयातल्या बर्फाळ भागांसाठी तो १ ऑक्टोबर २०२६.) आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : आपल्यातले कोण मोजायचे राहून जाईल? तो रोख बरोबर आहे. २०११ ची मोजणी किती पूर्ण होती हे तपासायला नंतर नमुना पाहणी झाली, तेव्हा दोनदा मोजलेली वजा करून हजारी सुमारे २३ माणसे सुटल्याचे दिसले. खेड्यांपेक्षा शहरांत जास्त सुटली होती.

प्रश्न : आमच्या गावातली निम्मी घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. फेब्रुवारीत ती कुलूपबंद असतात. मग त्यांची मोजणी गावात करून घेता येईल का?
– ग्रामपंचायत सदस्य, पाटोदा तालुका, बीड

नाही, आणि तसा आग्रहही धरू नका. मोजणीचा पूर्ण काळ जो माणूस आपल्या नेहमीच्या घरापासून लांब असतो, त्याची नोंद तो जिथे असेल तिथे होते. मोजणीच्या काळात काही दिवस जरी तो घरी असला, किंवा काळ संपण्याआधी परतणार असला, तर मात्र घरीच. २०११ मध्ये हा काळ ९ ते २८ फेब्रुवारी असा होता. तेव्हा गाळप जोरात असते, म्हणजे टोळ्या कारखान्याच्या तालुक्यात मोजल्या जायला हव्यात.

घोटाळा होतो तो तिकडे. तिथल्या प्रगणकाने (मोजणी करणाऱ्या कर्मचाऱ्याने) आपल्या वाट्याच्या भागाचा, म्हणजे गटाचा, नकाशा पाहिला होता उन्हाळ्यात. त्या वेळी त्या माळावर खोपटी नव्हतीच. शिवाय टोळी पहाटे अंधारात फडावर जाते आणि रात्री गाडी खाली करून परतते. प्रगणक दिवसा येतो तेव्हा खोपटांत लहान मुले आणि एखादी म्हातारी. गावाकडचा प्रगणक ‘कारखान्यावर गेलेत’ असे ऐकून पुढे जातो, ते नियमानुसार बरोबरच. पण अशाने ही माणसे दोन्हीकडून सुटतात.

यावर जानेवारीतच काम करता येते. ग्रामसेवकाला सोबत घेऊन गावातल्या प्रत्येक मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, एवढेच लिहून घ्या : टोळी कोणत्या कारखान्याला, मुक्काम कोणत्या गावाच्या शिवारात, मुकादमाचा मोबाइल, आणि एकूण माणसे किती. शेवटचा आकडा नीट विचारा. मुकादमाच्या वहीत हिशेब कोयत्यांचा असतो, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. १२ कोयते म्हणजे २४ मोठी माणसे, पण त्यांच्यासोबतची मुले, कामाला न जाणारी आई, गाडीवर नेलेला धाकटा भाऊ त्या वहीत कुठेच नसतो. ‘कोयते किती’ असे विचारू नका, ‘रात्री खोपटात झोपतात किती’ असे विचारा. ही यादी आपल्या तहसीलदारांमार्फत कारखान्याच्या तालुक्यातल्या तहसीलदारांकडे जाऊ द्या. ग्रामीण भागात जनगणनेचे चार्ज अधिकारी, म्हणजे त्या भागातल्या मोजणीचे प्रमुख, तेच असतात. कोणती टोळी कोणत्या फडावर आहे हे कारखान्याच्या शेतकी विभागाला आणि चिटबॉयला (फडांवर फिरणाऱ्या कारखान्याच्या कर्मचाऱ्याला) रोजच्या रोज ठाऊक असते. प्रगणकाशी त्यांची गाठ घालून दिली आणि भेटीची वेळ रात्री ठेवली, तर काम होते.

एक गोष्ट गावातच सांभाळायची आहे. मागे राहिलेले आजी-आजोबा आणि त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडे गावातच मोजली जायला हवीत. ‘घरमालक नाही’ म्हणून घर बंद असल्याची नोंद होऊ देऊ नका. हजर असलेल्यांपैकी ज्याला ते घर प्रमुख मानते, त्याचे नाव प्रमुख म्हणून लागते.

या पद्धतीने तुमच्या गावाची लोकसंख्या कागदावर कमी दिसेल हे खरे आहे, आणि फेब्रुवारीत मोजणी करण्याचा हा तोटा दुष्काळी तालुक्यांना दर वेळी सोसावा लागतो. पण गैरहजर माणसांची नावे गावात घालणे हा त्यावरचा उपाय नव्हे. एक माणूस दोनदा मोजला गेला, तर तुमच्या मजुरांचे स्थलांतर आकड्यांतून पुसले जाईल, आणि हंगामी वसतिगृहांची, साखरशाळांची (ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यावर चालणाऱ्या शाळांची) मागणी करायला आधारच उरणार नाही. रेशन, मतदारयादी, घरकुल यांचा मोजणी कुठे झाली याच्याशी संबंध नाही. एवढे टोळ्या निघण्याआधीच प्रत्येकाला सांगून ठेवा. मुक्कामी नाव लिहून देताना लोक कचरतात ते याच भीतीने.

वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबे, मेंढरे घेऊन कोकणात उतरलेले धनगर, रस्त्याच्या कामावरचे मजूर यांनाही हाच नियम लागू आहे.

प्रश्न : आमच्या मंडळाने घरोघरी जाऊन आधीच सगळी माहिती भरून ठेवायची ठरवले आहे. प्रगणक आले की वही त्यांच्या हाती द्यायची. चालेल ना?
– युवक मंडळ, खेड तालुका, रत्नागिरी

कृपया असे करू नका. उत्साह चांगला आहे, पण वय, धर्म, जात, अपंगत्व ही माहिती घ्यायचा अधिकार फक्त नेमलेल्या प्रगणकाला आहे आणि तिच्या गुप्ततेची हमी जनगणना अधिनियम, १९४८ देतो. कलम १५ नुसार या नोंदी कोणाला पाहायला मिळत नाहीत, आणि त्या अधिनियमाखालचे गुन्हे सोडले तर कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. तुमच्या वहीला असे काही संरक्षण नाही. ती चहाच्या टपरीवर उघडी पडली तर पुढच्या वेळी कोणी दार उघडणार नाही.

मंडळाने ठेवायची ती फक्त ठिकाणांची यादी. प्रगणकाच्या वाट्याला साधारण ७०० ते ८०० लोकवस्तीचा गट येतो आणि तो बहुधा शिक्षक असतो, बऱ्याचदा बाहेरगावचा. कोकणात एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायला ओढा ओलांडावा लागतो, आणि नजरी नकाशात सुटते ते असेच टोक : बागेतले राखणदाराचे घर, देवळामागची खोली, शाळेच्या आवारात राहणारा शिपाई, दुकानाच्या माळ्यावर झोपणारी कामगार पोरे. वाडीवार फिरा आणि एका घराला एक ओळ लिहा : घर कुठे आहे, आत चुली किती, माणूस कधी भेटतो. नावे, वये काही नको. प्रत्येक २५-३० घरांमागे एक जण नेमला की एका रविवारी हे काम होते.

चुलींचा रकाना मुद्दाम ठेवा. एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब, हा जनगणनेचा नियम आहे. रक्ताचे नाते, सातबारा, रेशनकार्ड यांवरून कुटुंब ठरत नाही. एका छपराखाली दोन भाऊ आणि चुली वेगळ्या, तर कुटुंबे दोन. चार परके तरुण एका खोलीत राहतात आणि एकत्र रांधून खातात, तर ते एकच कुटुंब.

प्रश्न : बायकोच्या कामापुढे दर वेळी ‘घरकाम’ लिहिले जाते. शेतातले निम्मे काम ती करते. सांगायचे कसे?
– शेतकरी, आर्वी तालुका, वर्धा

या प्रश्नाबद्दल तुमचे आभार, कारण इथे नुसती माहिती चुकत नाही, तर लाखो बायकांचे काम देशाच्या हिशेबातून गळते. प्रगणक विचारतो, ‘या काय करतात?’ आणि घरातला पुरुष उत्तरतो, ‘काही नाही, घरीच असतात.’ पुढचे सगळे रकाने मग वगळले जातात.

जनगणनेत काम म्हणजे आर्थिक उत्पादनाचे कोणतेही काम, त्याचा मोबदला मिळो वा न मिळो. घरच्या शेतात पैसे न घेता केलेले काम यात धरले जाते. शेती किंवा दूधदुभते निव्वळ घरच्या खाण्यापुरते असले, तरीही. स्वयंपाक, पाणी भरणे, मुले-म्हाताऱ्यांची देखभाल यात धरली जात नाही. ही वगळणूक आम्हाला पटत नाही, पण उत्तर देताना ती माहीत असावी.

प्रश्न गेल्या पूर्ण वर्षाबद्दल असतो, आजच्या दिवसाबद्दल नाही. फेब्रुवारीत कापूस वेचून झालेला असतो, बाई अंगणात दिसते, आणि ‘घरी असते’ हे खरेही वाटते. म्हणून आदल्या दिवशी दोघांनी बसून महिने मोजा : टोबणी, खुरपणी, निंदणी, वेचणी, तूर-हरभऱ्याची काढणी, आणि वर्षभर दोन्ही वेळचे दूध काढणे. सहा महिने किंवा त्याहून जास्त भरले, तर ती ‘मुख्य काम करणारी’. कमी भरले तरी ‘सीमांतिक काम करणारी’. ‘काम न करणारी’ मात्र नव्हे. घरच्या किंवा बटाईने केलेल्या शेतात काम करत असेल तर ती शेतकरी. सातबाऱ्यावर तिचे नाव असायची गरज नाही. दुसऱ्याच्या शेतात रोजाने जात असेल तर शेतमजूर. दोन्ही करत असेल तर ज्यात जास्त दिवस गेले ते. घरी शिलाई, विड्या, बचत गटाचे पापड हेही काम म्हणून सांगायचे. सगळ्यात बरे म्हणजे या प्रश्नाचे उत्तर तिने स्वतः द्यावे.

प्रश्न : पतीचे नाव तोंडाने घेत नाही अशा बायका आमच्याकडे आहेत. नाव सांगितले नाही तर दंड होतो का?
– अंगणवाडी सेविका, नंदुरबार

होत नाही. प्रश्नांची खरी उत्तरे देणे कायद्याने बंधनकारक आहे, पण त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये सूट आहे : रूढीमुळे जे नाव घेता येत नाही, मग ते हयात पतीचे असो वा मयत पतीचे, ते सांगायची सक्ती बाईवर नाही. घरातल्या स्त्रियांची नावे सांगायचीही सक्ती नाही. नाव नको असेल तर नको, पण ती मोजली गेली पाहिजे.

प्रश्न : सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आहे. तिला आणि बाळाला आम्ही आमच्या घरी लिहायचे ना?
– गृहिणी, सांगोला

मोजणीचा पूर्ण काळ ती माहेरी असेल तर दोघांची नोंद माहेरी. मध्येच परत आली तर तुमच्याकडे. आज फोन करून ठरवा, कारण इथे ‘तिकडे लिहिले असेल’ असे म्हणून दोन्ही घरे गप्प बसतात. तान्ही बाळे अशीच सुटतात. नाव ठेवलेले नाही, बारसे व्हायचे आहे, म्हणून घरचे सांगतच नाहीत. नाव नसले तरी चालते, ‘बाळ’ लिहितात. २८ फेब्रुवारीच्या रात्री अकराला जन्मलेले मूल मोजायचे, १ मार्चला पहाटे एकला जन्मलेले नाही. पहिल्या भेटीनंतर जन्म किंवा मृत्यू झाला तर उजळणीच्या फेरीत दुरुस्ती होते. २०११ मध्ये ती फेरी १ ते ५ मार्च होती. त्या दिवसांत प्रगणक पुन्हा दारात आला तर ‘आमचे झाले’ म्हणून परत पाठवू नका.

प्रश्न : आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना जन्मसाल माहीत नाही. विचारले की ‘असेल साठ-सत्तर’ म्हणतात. काय करावे?
– सेवानिवृत्त शिक्षक, कराड

अशा उत्तरांमुळेच ६०, ६५, ७० या वयांवर माणसांची गर्दी होते आणि ६१, ६८ ही वये ओस पडतात. पेन्शन आणि आरोग्याचे नियोजन या आकड्यांवर चालत असल्याने चूक महाग पडते. जुना आणि भरवशाचा मार्ग म्हणजे परिसरातल्या मोठ्या घटनांची यादी. तुमच्या भागासाठी : १ मे १९६० महाराष्ट्र राज्याची स्थापना, १२ जुलै १९६१ पानशेतचे धरण फुटले, ११ डिसेंबर १९६७ कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ. लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप चालतो, पण तो तरुणांच्या वयासाठी.

प्रश्न मोघम नको. ‘भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढ्या होता?’ यावर ‘लहान’ एवढेच उत्तर येते. ‘तेव्हा शाळेत जात होता? कडेवर कोण होते? लग्न झाले होते?’ असे विचारा. कोयनेच्या भूकंपाच्या वेळी बाई धाकट्या भावाला कडेवर घेऊन बाहेर पळाली आणि स्वतः दुसरीत होती, तर ती सात-आठ वर्षांची, म्हणजे २०२७ च्या मार्चमध्ये सहासष्ट-सदुसष्ट. मग थोरल्या मुलाच्या वयाशी ताडून बघा. आईचे वय आणि पहिल्या मुलाचे वय यांत अकराच वर्षांचे अंतर येत असेल तर कुठेतरी चुकले आहे. वय नेहमी पूर्ण झालेल्या वर्षांत सांगायचे. ‘अडुसष्टावे चालू आहे’ म्हणजे ६७.

प्रश्न : जात विचारणार म्हणतात. आडनाव सांगायचे, पोटजात सांगायची, की दाखल्यावरचे? आमच्यातच तीन मते आहेत.
– वाचक, परभणी

जातीची नोंद दुसऱ्या टप्प्यात, फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे. तसा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. सर्व जातींची मोजणी होऊन आकडे प्रसिद्ध झाले ते शेवटचे १९३१ मध्ये, आणि तेव्हा देशभरात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय पाहणीत ही संख्या ४६ लाखांवर गेली, कारण लोकांनी कूळ, गोत्र, आडनाव, पोटजात, काहीही सांगितले आणि लिहिणाऱ्यांनी एकाच नावाची दहा रूपे केली. ते आकडे वापरताच आले नाहीत.

म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. घरात कोणाचाही जातीचा दाखला असेल तर त्यावर छापलेले नाव जसेच्या तसे सांगा आणि घरातल्या त्याच जातीच्या सगळ्यांसाठी तेच सांगा. दाखला दाखवावा लागत नाही, तो फक्त स्वतःच्या उत्तरासाठी बघायचा. आडनाव सांगू नका, एकच आडनाव पाच जातींत असते. अनुसूचित जातीच्या कुटुंबांनी ‘दलित’, ‘हरिजन’, ‘मागासवर्गीय’ असे सांगितले तर अनुसूचित जातीची नोंद होत नाही, कारण यादीत अशी नावे नाहीत. तिथे जातीचे नेमके नाव लागते. बौद्ध कुटुंबांनी धर्म बौद्ध सांगून जातीचे नावही सांगावे. १९९० पासून हिंदू आणि शिखांप्रमाणे बौद्धांचीही अनुसूचित जातीत नोंद होते, पण ‘नवबौद्ध’ हे जातीचे नाव म्हणून चालत नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही.

समाजाच्या बैठकांतून ‘सगळ्यांनी अमुक सांगा’ असे निरोप फिरतात. बैठकीत प्रश्न समजावून सांगणे योग्य, उत्तर पढवणे अयोग्य.

प्रश्न : घरी अहिराणी, बाहेर मराठी. मातृभाषा कोणती?
– विद्यार्थिनी, शिरपूर

लहानपणी आई तुमच्याशी जी बोलायची ती. आई लवकर गेली असेल तर तुमच्या बालपणी घरात जी बोलली जायची ती. तुम्ही सांगितलेले नाव प्रगणकाने तसेच लिहायचे असते, स्वतःच्या समजुतीने ‘मराठी’ करायचे नसते. २०११ च्या भाषा-तक्त्यांत अहिराणी खान्देशीत धरली आहे, आणि खान्देशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली आहे. मराठी ‘येत असलेल्या इतर भाषा’ या प्रश्नात सांगा.

प्रश्न : आमच्या २१६ सदनिकांच्या सोसायटीत दिवसा निम्मी दारे बंद. शिवाय ओटीपीची फसवणूक होईल म्हणून सभासद घाबरतात. सेक्रेटरी म्हणून मी काय करू?
– सचिव, गृहनिर्माण संस्था, ठाणे

प्रगणक येण्याआधीचे १५ दिवस स्वगणनेसाठी असतात. कुटुंबातला एक जण जनगणनेच्या सरकारी पोर्टलवर मोबाइल क्रमांकाने शिरतो, नकाशावर आपल्या इमारतीची खूण करतो, प्रश्न भरतो आणि शेवटी एक ओळख क्रमांक मिळतो. प्रगणक आला की तो क्रमांक द्यायचा. इथे दोन चुका होतात. नकाशावरची खूण शेजारच्या टॉवरवर पडते आणि माहिती दुसऱ्याच गटात जाते, म्हणून खूण करताना घरीच असा आणि नकाशा पुरेसा मोठा करून पाहा. दुसरे, क्रमांकाचा स्क्रीनशॉट एकाच्या फोनमध्ये आणि दुपारी दार उघडणारे सासरे किंवा मदतनीस. क्रमांक कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा.

ओटीपी फक्त पोर्टलवर, स्वतः टाकायचा. फोनवर, लिंकवर किंवा दारात कोणी मागितला तर देऊ नका. प्रगणकाकडे ओळखपत्र असते, ते पाहायला मागा. पहिल्या टप्प्यातले ३३ प्रश्न २२ जानेवारी २०२६ रोजी अधिसूचित झाले आहेत : घराची जमीन-भिंत-छत, खोल्या, पाणी, वीज, शौचालय, इंधन, इंटरनेट, वाहन, घरात मुख्यतः खाल्ले जाणारे धान्य वगैरे. मोबाइल क्रमांक मागतात, तो जनगणनेच्या कामापुरता. बँक खाते, पॅन, उत्पन्नाचा आकडा यात नाही. ही यादी छापून लिफ्टमध्ये लावा.

सचिवाचे खरे काम पुढे आहे. प्रत्येक मजल्याची यादी करा : राहते, भाड्याने, रिकामे, कुलूप पण राहते. शेवटच्या प्रकारापुढे संध्याकाळी कधी भेटतात ते लिहा. मालक दुबईत आणि भाडेकरू घरात, तर मोजायचा भाडेकरू. भाडेकरारात नाव नसलेल्या तीन मुलीही मोजायच्या. मग पंपरूमशेजारी कुटुंबासह राहणारा रखवालदार, घरातच राहणारी कामवाली, शेजारच्या बांधकामावरचे मजूर यांच्याकडे प्रगणकाला स्वतः घेऊन जा. ‘हे आपल्या सोसायटीचे नाहीत’ हे वाक्य या कामात उच्चारू नका.

प्रश्न : सगळे होऊनही एखादे घर राहिलेच तर तक्रार कुठे?
– वाचक, नाशिक

आधी प्रगणकाला गाठा. तो भेटला नाही तर पर्यवेक्षकाला, त्याच्याकडे साधारण सहा प्रगणक असतात. त्यानंतर चार्ज अधिकारी : ग्रामीण भागात तहसीलदार, नगरपालिकेत मुख्याधिकारी, महापालिकेत प्रभागाचा अधिकारी. लेखी अर्जात घराचा पत्ता, जवळची ठळक खूण, शेजारच्या मोजलेल्या घराचा क्रमांक आणि घरात कोण कधी भेटेल एवढे लिहा. शेजारच्या घराच्या क्रमांकावरून कोणता गट आणि कोणता प्रगणक हे लगेच सापडते. रस्त्यावर, पुलाखाली, पालांत राहणाऱ्यांची मोजणी २०११ मध्ये २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. अशी ठिकाणे तुमच्या माहितीत असतील तर ती फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच अधिकाऱ्यांना लिहून द्या, कारण त्या एका रात्रीसाठी माणसे आणि गाड्या आधी वाटून दिलेल्या असतात. उजळणीची फेरी संपल्यावर आलेल्या अर्जाने आकडा बदलत नाही.